कालवा

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघेही वऱ्हाडातले; दोघांच्याही घरी कापसाची शेती. मतभेद मात्र पुष्कळ, आणि त्यांतला सर्वांत निरर्थक, म्हणूनच सर्वांत चिवट, मतभेद फुटबॉलचा. एक लिव्हरपूलचा, दुसरा मँचेस्टर युनायटेडचा. इंग्लंड आम्ही कोणीच पाहिलेले नाही. केबलवर सामने दिसू लागले तेव्हा एकाने जिंकणारा संघ निवडला, दुसऱ्याने हरणारा. आमच्या स्वभावांविषयी वाचकांनी यातून काय तो बोध घ्यावा.

या वैराचे मूळ शोधू गेल्यास ते पाण्यापाशी पोचते. लिव्हरपूल हे बंदर आणि मँचेस्टर हे गिरण्यांचे शहर. मधले अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. कापूस लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरे आणि मँचेस्टरला जाई. १८३० मध्ये या दोन शहरांमध्ये आगगाडी सुरू झाली. पण बंदराचे शुल्क आणि रेल्वेचे भाडे मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना खुपत होते. अखेर त्यांनी समुद्रच दाराशी आणायचे ठरवले. छत्तीस मैलांचा जहाजी कालवा १ जानेवारी १८९४ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि जहाजे लिव्हरपूलला वळसा घालून आत जाऊ लागली. त्याच वर्षी २८ एप्रिलला ब्लॅकबर्न येथे दोन्ही क्लब पहिल्यांदा समोरासमोर आले. युनायटेडचे नाव तेव्हा न्यूटन हीथ होते. लिव्हरपूलने २-० असा विजय मिळवला आणि न्यूटन हीथची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. बंदराने कालव्याचा सूड घेतला, असे लिहिण्याचा मोह होतो. आमच्यापैकी एकाला जरा अधिकच होतो.

या हकिकतीत आमचेही एक टोक आहे. अमेरिकेतील यादवीत (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला, तेव्हा मुंबईमार्गे लिव्हरपूलला जो कापूस गेला त्यात वऱ्हाडचाही होता. मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये ओसरलाही. पुढे मँचेस्टरचे कापड इथल्या बाजारांत भरून राहिले. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. म्हणजे ज्या दोन शहरांनी मिळून आमच्या पणजोबांचा व्यापार केला, त्यांच्या आपसांतील भांडणात आज आम्ही पणतू हिरिरीने पक्षकार आहोत. वर्गात वसाहतवाद शिकवताना ही गोष्ट आम्ही सहसा सांगत नाही.

५ मार्च २०२३ रोजी लिव्हरपूलने युनायटेडला ७-० असे हरवले. त्याच रात्री आमच्यापैकी एकाने दुसऱ्याला एक विनोद पाठवला.

तो मृतांवरचा होता. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथील विमान अपघातात तेवीस जण गेले. त्यांत युनायटेडचे आठ खेळाडू होते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे प्रेक्षक चेंगरले. मृतांची संख्या अखेर सत्त्याण्णव झाली. तिथल्या प्रेक्षागारांत दोन्हीकडचे काही लोक या मृत्यूंची टिंगल करणारी गाणी वर्षानुवर्षे म्हणत आले आहेत. त्या सामन्याच्या आदल्याच दिवशी क्लॉप आणि टेन हाग या दोन्ही प्रशिक्षकांनी मिळून 'हे थांबवा' असे आवाहन केले होते. आम्ही दोघांनी ते वाचले होते, त्यावर बोललोही होतो.

विनोद कोणी पाठवला, हे इथे सांगत नाही. सांगितले तर हा लेखही सामनाच होईल.

उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षककक्षात 'नमस्कार सर' एवढेच झाले, आणि उन्हाळा येईपर्यंत तेवढेच होत राहिले. वीस वर्षे आम्ही अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकवत आलो. शब्द कुठे लागतो हे आम्हांला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. शिवाय आमच्या गावांत मेलेल्यांचा आकडा होणे म्हणजे काय, हे आम्ही फार जवळून पाहिले आहे. कापसाच्या पट्ट्यातल्या आत्महत्यांवर कोणी परक्याने अशी कोटी केली असती, तर आम्ही दोघे मिळून त्याच्या अंगावर धावलो असतो. परके दुःख गमतीचे वाटायला अंतर लागते. ते आमच्याजवळ भरपूर होते.

मे महिन्यात उत्तरपत्रिका तपासणीला आम्ही योगायोगाने शेजारी बसलो. दुपारी एकाने मान वर न करता म्हटले, "माह्यं चुकलं, गड्या." कक्षात आम्ही नेहमी प्रमाण मराठीच बोलतो. दुसऱ्याने पुढचा गठ्ठा सोडला, अर्ध्या उत्तरपत्रिका त्याच्याकडे सरकवल्या, आणि मग चहा मागवला.

२०२५ मध्ये लिव्हरपूलने विसावे विजेतेपद मिळवून युनायटेडची बरोबरी साधली. त्यावर आम्ही अजूनही भांडतो. मराठीत कालवा म्हणजे पाट आणि कालवा म्हणजे गलकाही. आम्ही दुसरा पुष्कळ करतो. फक्त त्या दोन तारखांना आमच्यापैकी कोणीही काही पाठवत नाही. म्युनिकच्या दिवशी एक गप्प असतो, हिल्सबरोच्या दिवशी दुसरा. आणि त्या दिवसाचा चहा, न ठरवता, गप्प राहणाऱ्याचा असतो.