भोपळ्याची बोली

किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशीम

चि. छकुलीस,


तुझा निरोप मिळाला. आपल्या कापणीच्या सणाचा व्हिडिओ दादानं तुला पाठवला, तो तू मेलबर्नच्या मैत्रिणींना दाखवलास, आणि त्यातल्या एकीनं विचारलं की ज्या प्रभूनं मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकले, त्याच्याच उपासनेत लिलाव कसा चालतो? साध्या भोपळ्याला अकराशे रुपये कोण देतं, आणि का? प्रश्न मला आवडला. तो फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून कागद घेतला.

आधी त्या दिवशी काय होतं ते सांगते, कारण व्हिडिओत फक्त बोली दिसली आहे. सोयाबीन घरात आलं, उडीद-मूग डब्यात भरून झाले, कापसाची पहिली वेचणी उरकली की नोव्हेंबरातला एक रविवार ठरतो. आजूबाजूच्या चार-पाच गावांतली आपली ख्रिस्ती घरं एकत्र जमतात. अंगणात मांडव, खाली सतरंज्या, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. पुढच्या टेबलावर पांढरी चादर. अर्पणाचं गीत सुरू झालं की एकेक जण उठतो आणि आणलेलं तिथं ठेवतो. कुणाचं पायलीभर सोयाबीन, कुणाची कापसाची गाठोडी, कुणाची कोंबडी पाय बांधून. मजुरी करणारी बाई परसातल्या वेलाचा भोपळा आणते, तेही नसेल तर घरच्या कोंबडीची चार अंडी. पाळक त्या सगळ्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. उपदेश होतो, आशीर्वाद होतो, उपासना संपते. मग लिलाव. हा क्रम मैत्रिणीला नीट सांग. टेबलावर ठेवलेली वस्तू देवाला देऊन झालेली असते. नंतर बोली लागते ती तिचं पैशात रूपांतर करण्यासाठी, कारण पाळकाच्या घरचं वीजबिल अंड्यांनी भरता येत नाही.

पण एवढंच असतं तर सगळं मालेगावच्या बाजारात नेऊन विकलं असतं आणि पैसे पेटीत टाकले असते. तसं आपण करत नाही, आणि त्यामागची गोष्ट तुला कळायला हवी.

तुझ्या खापरपणजीपासून सुरुवात करते. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा, या दोन दुष्काळांनी वऱ्हाड आणि मध्य प्रांत उद्ध्वस्त केले. पंडिता रमाबाई पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः फिरल्या आणि रस्त्यावर पडलेल्या मुलींना केडगावला मुक्ती मिशनमध्ये घेऊन गेल्या. १९०० च्या सुमारास तिथं दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती. इकडे वऱ्हाडातही मिशनांनी अनाथालयं उघडली. अशाच एकात तुझी खापरपणजी वाढली. तिला स्वतःच्या गावाचं नाव सांगता येत नव्हतं. आईबापांचं, भावाबहिणींचं काहीच नाही. तिचं लग्न तिथल्याच एका पोराशी लागलं, त्याचीही तीच गत. आता विचार कर, त्या दोघांना माहेर कुठलं, सासर कुठलं? बाळंतपणाला कोण येणार, मयताला खांदा कोण देणार? ते सगळं रविवारी शेजारी बसणाऱ्यांनी केलं. जे अनाथालयातून आले नाहीत, स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेऊन आले, त्यांच्याशी बऱ्याचदा भावकीनं पाणी तोडलं. त्यांनाही हीच माणसं उरली. आपल्याकडे मंडळीतल्या म्हाताऱ्याला आजोबा आणि पाळकाच्या बायकोला सगळ्यांनी आई म्हणायची रीत पडली, ती वरवरच्या लाघवातून पडलेली नाही.

आता मिशनांचं थोडक्यात. वऱ्हाड त्यांनी आपापसांत वाटून घेतला होता. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, अकोला-अमरावतीच्या पट्ट्यात अलायन्स, बुलडाण्याकडे नाझरीन. वाशीम आधी मेथडिस्टांकडे होतं, ते १९३० नंतरच्या दशकात नाझरीनांकडे आलं. १९३८ मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी तिथं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं, आणि पुढची जवळजवळ चार दशकं त्या तिथंच राबल्या. जऊळका स्टेशनावरून मीटरगेज गाडीनं बाळंतिणी तिथं जायच्या. १९७० मध्ये २९ नोव्हेंबरला नागपुरात काही चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात आपल्याकडची ही तिन्ही गेली नाहीत. म्हणून वऱ्हाडात दर तालुक्याला चर्चची पाटी वेगळी दिसते. सोयरीक जुळवताना पाटी कुणी बघत नाही. तुझी काकू यवतमाळची फ्री मेथडिस्ट, आणि घरात त्यावरून कधी शब्द झाला नाही.

सुरुवातीला पाळकाचा पगार मिशनच्या पैशातून यायचा. १९३० च्या महामंदीत अमेरिकेतून येणारा पैसा आटला, पुढं स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांचं येणंच कमी होत गेलं. मंडळ्यांना आपल्या पायावर उभं राहायचं होतं, पण आपली माणसं कोण होती? सालदार आणि रोजमजूर. सालदाराचा हिशेब पाडव्याला, आणि तोही अर्धा ज्वारीत. वर्षभर हातात नाणं क्वचित यायचं. तेव्हा ज्याच्याकडे जे होतं ते त्यानं आणलं. चुलीपाशी बसलेली बाई पीठ मळायच्या आधी मूठभर धान्य वेगळं काढायची, ते रविवारी पोतडीत यायचं. माझ्या आजीच्या घरात त्यासाठी वेगळं मडकं होतं. पाळकाचं घर कित्येक वर्षं त्याच धान्यावर चाललं.

कापणीचा सण मात्र आपण शोधलेला नाही. शास्त्रात पहिल्या पिकाचा सण आहेच, पण चर्चमध्ये धान्यफळं मांडून आभार मानायची आजची पद्धत इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये रॉबर्ट हॉकर नावाच्या पाळकानं १८४३ मध्ये रुळवली आणि तिथून ती जगभर गेली. लिलावाची सवय इथल्या मातीतली आहे. आपल्याच तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचं देऊळ आहे. अभिषेकाचा, आरतीचा मान कुणाला, हे बोली लावून ठरवायची जैन समाजाची रीत जुनी. त्यांच्या बोलीत मान मिळतो, आपल्या बोलीत वस्तू. पण चार माणसांसमोर मोठ्यानं आकडा बोलून देवाच्या कामाला पैसा द्यायचा, हे वऱ्हाडातल्या कुठल्याही माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता भोपळ्याकडे येते. तो आणला होता एका विधवा बाईनं. निंदण-खुरपणाला जाते, दोन लेकरं आहेत. भोपळा वर धरला गेला तेव्हा पहिली बोली वीस रुपयांची होती. मग कुणी पन्नास म्हणालं, कुणी शंभर. पाचशेला गेला तेव्हा घेणाऱ्यानं पैसे दिले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला, पुन्हा बोली लावा म्हणाला. दुसऱ्यांदा सहाशेला गेला. दोन्ही मिळून अकराशे. ज्यानं शेवटी घेतला त्यानं तो त्या बाईच्या लेकरांच्या हातात दिला. व्हिडिओत एवढं आलं नसेल. त्या क्षणी ती बाई सगळ्यांसमोर मान वर करून बसली होती. वर्षभर गावात तिच्या घामाचा भाव दुसरे ठरवतात. त्या दिवशी तिच्या हातची वस्तू सगळ्यात महाग ठरली, आणि तिला कुणी भीक घातली नव्हती. तिनं दिलं होतं, तेही सगळ्यांच्या आधी.

तुझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडतं. मंदिराच्या अंगणात जो बाजार भरला होता तो गरिबाच्या वाटेत बसला होता. आधी नाणं बदला, आधी कबुतर विकत घ्या, मग देवापाशी जा. प्रभूचा राग त्यावर होता. आपल्या मांडवात गरिबाला आत यायला काहीच विकत घ्यावं लागत नाही. उलट त्यानं आणलेल्या वस्तूसाठी पैसा असलेल्यांना खिशात हात घालावा लागतो. त्याच प्रभूनं मंदिरातच बसून विधवेच्या दोन टोल्या मोजल्या होत्या, याचीही तिला आठवण करून दे.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. पगारदार माणसं वाढली तशी काही ठिकाणी बोलीला चुरस चढते. नारळ पाच हजाराला गेला की टाळ्या पडतात आणि नाव पुकारलं जातं. मला ते पटत नाही. जिथं देणाऱ्याचं नाव वस्तूपेक्षा मोठं होतं तिथं बाजार सुरू झाला, असं माझं स्पष्ट मत आहे आणि मी ते बैठकीत बोललेही आहे. आमच्याकडे गेल्या काही वर्षांपासून बोली मुलं पुकारतात, नावं वाचली जात नाहीत, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे कुणी रोखून बघत नाही. क्यूआर कोड लावा, लिलाव बंद करा, असं तरुण पोरं म्हणतात. कोड लावायला माझी हरकत नाही. पण कोडमधून भोपळा येत नाही.

जुन्या-नव्याचं निघालंच आहे तर, तुला एकदा वाटलं होतं की आपली उपासना फार जुनाट आहे, स्क्रीन नाही, बँड नाही. हार्मोनियम, ढोलकी आणि खंजिरी. खंजिरी वाजली की गावातल्या माणसांना तुकडोजी महाराजांची भजनं आठवतात, आणि मला त्यात आनंदच वाटतो. ही चाल आपल्याला नारायण वामन टिळकांनी दिली. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. तो प्रवासी म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड, असं मानलं जातं. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि मग १९१९ पर्यंत, मरेपर्यंत, आपल्यासाठी गीतं लिहिली. तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. त्यांच्याही आधी अहमदनगरला कृष्णरत्न सांगळे ख्रिस्ती कीर्तनं करत होते. उपासना संगीत हे आपलं गीतपुस्तक उघडलंस तर ओव्या, अभंग, पदं पानापानावर भेटतील. अक्षरओळख नसलेल्या माझ्या आजीला शास्त्र वाचता येत नव्हतं, पण या गीतांतून तिला अर्धं शास्त्र पाठ होतं. साक्ष द्यायला उभी राहिली की एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जात ती पाळकापेक्षा चांगलं बोलायची.

पाळकाकडे आता पाच गावं आहेत. मोटारसायकलवर फिरतात, आपल्याकडे महिन्यातून दोनदाच येतात. उरलेल्या रविवारी ओसरीवर आम्ही आठ-दहा जण बसतो, कुणीतरी अध्याय वाचतं, कुणीतरी प्रार्थना करतं. तरुण पुण्याला, नागपूरला, तुझ्यासारखे आणखी लांब. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीतली आजी गेली तेव्हा गीत धरायला पुरेसे आवाज नव्हते. गावातल्या भजनी मंडळातले दोघे आपणहून येऊन बसले आणि ढोलकी त्यांनी सांभाळली. असं अजून घडतं, हेही तिकडे सांग. बातम्यांत फक्त दुसरंच येतं.

दादा म्हणाला की पुढच्या वर्षी तू तिकडून व्हिडिओ कॉलवर बोली लावणार आहेस. लावू नकोस. ऑस्ट्रेलियातल्या पगारासमोर इथल्या कुणाची बोली टिकणार नाही आणि मांडवातली गंमत जाईल. तुझा दशांश तू जिथं दर रविवारी बसतेस त्या मंडळीला दे. तिथंही कुणाचं भाडं थकलेलं असेल, कुणी नवीन आलेलं एकटं असेल. इथं द्यायचंच असेल तर डिसेंबरात ये, नाताळच्या आदल्या रात्री पोरांबरोबर घरोघर गाणी म्हणायला चल, आणि येताना उपासना संगीतातली निदान पाच गीतं चालीसकट पाठ करून ये. इथं गाणारे कमी पडतात.

सगळ्यांना जय ख्रिस्त सांग.

तुझी,
आत्या