तार डुलकी घेते!

नेटवर्कची तार चक्क झोपते, ठाऊक होतं तुम्हाला? मला आत्ता कळलंय आणि भेटेल त्याला सांगत सुटलोय!

घरी वीज वाचवणारा नवा स्विच बसवला आणि हॉलमधल्या संगणकाची जोडणी मधूनच तुटायला लागली. गंमत म्हणजे मोठी फाइल कॉपी होत असताना कधीच नाही. सगळं शांत असलं की हमखास. लॉगमध्ये नुसती ‘लिंक डाउन, लिंक अप’ची रांग. शांत असतानाच का? याच प्रश्नानं मला 802.3एझेड या 2010 सालच्या मानकापाशी नेलं.

त्याआधी गिगाबिट जोडणीत पाठवायला काही नसलं तरी तारांच्या चारही जोड्यांवर सिग्नल अखंड वाहायचा. रात्रभर, कुणासाठीही नाही! आता काम नसलं की सिग्नल थांबतो, दोन्ही टोकांची घड्याळं जुळलेली राहावीत म्हणून मधूनच जरासा येऊन जातो, आणि पॅकेट आलं की साडेसोळा मायक्रोसेकंदांत जाग! काय अफाट डोकं चालवलंय हो लोकांनी!

यात वेग मुळीच उतरत नाही. झोपेतही आकडा 1000च दिसतो. फक्त संगणकाचं नेटवर्क कार्ड आणि स्विच यांचं जागं होताना नीट जुळलं नाही, तर जोडणीच पडते. दोघांनी होकार दिला तरच ही झोप लागते, त्यामुळे एका टोकाला बंद केली की पुरे. लिनक्सवर ईथटूल या आज्ञेनं ‘ईईई’, म्हणजे हीच झोपेची सोय, बंद केलं आणि तुटणं थांबलं!

आतल्या खोलीतला संगणक मात्र 100वरच अडकलेला. तिथे झोपेचा संबंधच नव्हता. वेग ठरवण्याची बोलणी केशरी आणि हिरव्या जोडीवरच होतात. गिगाबिटला निळी आणि तपकिरीही लागते. म्हणजे बोलणीत 1000 ठरतं, प्रत्यक्षात जमत नाही, मग कार्ड मुकाट्यानं 100वर येतं. प्लग उजेडात धरला, तर तपकिरी तारेचं टोक सोनेरी पट्टीच्या केसभर अलीकडेच थांबलेलं! नवा प्लग क्रिंप केला, 1000!

मग हॉलमधल्या कार्डाला नवा ड्रायव्हर घातला आणि ‘ईईई’ पुन्हा चालू केलं. ईथटूल म्हणतं, ‘एनेबल्ड, ॲक्टिव्ह’. लॉगमध्ये एकही ‘लिंक डाउन’ नाही!