पुलावरून खाली उतरताना

होन्शू बेटावरचं ओनोमिची आणि शिकोकूवरचं इमाबारी यांच्यामध्ये सेतोचा समुद्र आहे आणि त्या समुद्रात बेटांची एक रांग. १९९९ साली शेवटचे पूल बांधून झाले आणि शिमानामी काइदो हा रस्ता सहा बेटं ओलांडू लागला. मोटारींसाठी तो द्रुतगती मार्ग आहे, पुलाच्या उंचीवरून निघून पुढच्या पुलाच्या उंचीवर पोचणारा. सायकलींची साधारण ७० किलोमीटरची वाट मात्र प्रत्येक पुलानंतर वळणं घेत किनाऱ्यापर्यंत खाली येते. मधलं गाव, बंदर, बागा ओलांडते आणि पुन्हा सौम्य चढावाने पुढच्या पुलावर जाते. प्रवासवर्णनांत कौतुक होतं ते पुलांचं. तातारा पुलाचा ८९० मीटरचा मधला गाळा किंवा कुरुशिमाचे एकापुढे एक तीन झुलते पूल पाहिल्यावर ते होणारच. मला मात्र या रस्त्याचं मर्म पुलांत नाही, उतारांत दिसतं. इथलं जेवण समजून घ्यायचं तर या मार्गावर सायकलीइतकं नेमकं वाहन नाही, कारण तिला खाली उतरल्यावाचून गत्यंतरच नसतं.

खाली उतरल्यावर काय दिसतं? सेतोच्या उत्तरेला चुगोकूचे डोंगर, दक्षिणेला शिकोकूचे. दोन्हीकडून येणारा पाऊस बराचसा डोंगरांतच अडतो, म्हणून इथे ऊन जास्त आणि पाऊस बेताचा. त्या उन्हामुळे बेटांच्या उतारांवर लिंबूवर्गीय फळं पिकतात आणि त्याच उन्हाच्या जोरावर इथे शतकानुशतकं मिठागरं चालली. इकुचिजिमावर लिंबांच्या बागा रस्त्यालगत आहेत आणि त्याच बेटावर लिंबाचं जेलातो मिळतं. इन्नोशिमा हे हास्साकु या फळाचं मूळ गाव. तिथे चिकट तांदळाचा मऊ गोळा, आत गोड पुरण आणि पुरणाच्या पोटात हास्साकुची कडवट-आंबट फोड असा पदार्थ करतात. ओनोमिचीच्या रामेनमध्ये सोया सॉसच्या रश्श्याला सेतोच्या सुकवलेल्या बारीक मासळीची चव असते आणि वर डुकराच्या चरबीचे दाणे तरंगतात. कुरुशिमाच्या सामुद्रधुनीत पाण्याला विलक्षण ओढ आहे. तिथल्या ताई माशाचं मांस घट्ट असतं ते त्या ओढीशी झुंजल्यामुळे, असं स्थानिक लोक सांगतात. ऊन पाठीवर घेत, त्या प्रवाहावरचा वारा छातीवर झेलत आलेल्या माणसाला चव आणि तिचं कारण एकाच दिवसात, एकाच अंगाने कळतं.

यावर पहिला आक्षेप भुकेचा: एवढं पायडल मारल्यावर काहीही गोडच लागणार, त्यात चवीची पारख कुठली? आक्षेप खरा आहे, पण अर्धा. भूक जीभ उदार करते हे मान्य. पण सायकलस्वार गच्च जेवून चढ चढू शकत नाही, म्हणून थोडंथोडं आणि वारंवार खातो. मोटारीतला माणूस दिवसात दोनदा जेवतो. सायकलवाल्याला चार-पाच ठिकाणी थांबावंच लागतं, आणि तुलना केल्याशिवाय पारख येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. गावोगावची ही 'खासियत' पुष्कळदा पर्यटनासाठी घडवलेली असते. हाकाताजिमाच्या मिठाचंच उदाहरण घ्या. त्याचं नाव जपानभर माहीत आहे आणि बेटावर मिठाचं रामेन मिळतं, मिठाचं आइस्क्रीमही. पण १९७१ च्या कायद्याने जुनी मिठागरं बंद पडली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या या उद्योगाचं मीठ मेक्सिको किंवा ऑस्ट्रेलियातून आलेलं खडेमीठ सेतोच्या पाण्यात विरघळवून तयार होतं. मग बेटाची चव ती कुठली? मला वाटतं, या माहितीने माझं म्हणणं मोडत नाही, फक्त जरा शहाणं होतं. स्थानिक चव म्हणजे मातीतून उगवलेलं शुद्ध काहीतरी, हा आपला भाबडेपणा आहे. कायदा आणि परदेशी माल यांतून मार्ग काढत एका गावाने आपला धंदा टिकवला, तर तोही त्या गावाचाच इतिहास. आणि तो कळायला आधी त्या गावात उतरावं लागतं.

शाकाहारी मराठी प्रवाशाचा आक्षेप मात्र मी पुरता खोडू शकत नाही. रामेनचा रस्सा मासळीचा, उदोन नूडल्सचाही बहुतेक मासळीचाच, आणि नुसत्या भाज्या दिसणाऱ्या वाटीतही तोच अर्क. त्याच्या वाट्याला फळं, भात आणि गोड पदार्थ एवढंच येतं. लिंबाच्या बागांपुरता माझा युक्तिवाद त्यालाही लागू पडतो, समुद्रापुरता नाही.

इमाबारीत सायकलीचाही अधिकार संपतो. इथली याकितोरी बहुधा काडीवर नसते. कोंबडीची कातडी तापल्या लोखंडी पत्र्यावर दाबून कुरकुरीत करतात. गावात जहाजबांधणीचे कारखाने, म्हणून पत्रा हाताशी होता, अशी एक उपपत्ती सांगतात. तिच्याबरोबर बियर मागवायची तर जपानचा कायदा आडवा येतो. पिऊन सायकल चालवणं तिथे गुन्हा आहे, आणि नोव्हेंबर २०२४ पासून तो आणखी कडक झाला आहे. भाड्याची सायकल ओनोमिचीला घेऊन इमाबारीत परत करता येते. ती आधी देऊन टाकावी आणि याकितोरीच्या दुकानापर्यंत चालत जावं.