छातीभर पाणी

आमच्याकडे तिला चिलापी म्हणतात. भिगवणच्या मासळी बाजारातही चिलापीच. ‘तिलापिया’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो खाद्याच्या पोत्यावर.

मिरजगावात मासे पाळतो म्हटलं की पाहुणा आधी आभाळाकडे बघतो, मग माझ्याकडे. त्याचं चूक नाही. कर्जत तालुका हा परतीच्या पावसावर डोळे लावून बसणारा. मीही शेततळं घेतलं ते लिंबासाठी. तीस बाय तीस मीटर, खोली तीन मीटर, उतरत्या कडा, आत पाचशे मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद. काठोकाठ भरलं की बावीस लाख लिटरच्या आसपास. पाण्याचा मालक लिंबू, मासा भाडेकरू. या दोघांचं पंचांग जुळत नाही हे उमजायला माझी दोन वर्षं गेली.

तळं भरतं हस्ताच्या पावसानं आणि विहिरीच्या उपशानं, दिवाळीच्या मागंपुढं. लगेच थंडी पडते. चिलापी मूळची आफ्रिकेतली. पाणी सोळा अंशांखाली उतरलं की ती तोंड मिटून तळाशी बसते. पौषात सकाळी टाकलेलं खाद्य दुपारी तसंच तरंगताना दिसतं. म्हणून तेव्हा मूठभरच टाकायचं, तेही उन्हं डोक्यावर आल्यावर. या दिवसांत जाळं तर लावायचंच नाही. थंडीत खवला निघाला तर जखमेवर कापसासारखी बुरशी चढते. चैत्रात पाणी अठ्ठावीस-तीस अंशांवर गेलं की तिची वखवख सुरू होते. आणि नेमका तेव्हाच लिंबाला भाव, लिंबाला तहान. पाणी भरपूर असतं तेव्हा मासा खात नाही, खायला लागतो तेव्हा मोटार रोज पाणी ओढत असते.

म्हणून मी एक रेघ ठरवली आहे. कागदावर ऑइलपेंटनं मारलेली, माझ्या छातीच्या उंचीवर. तिच्याखालचं पाणी लिंबाला नाही. यावरून घरात दरवर्षी भांडण होतं आणि दरवर्षी मी थोडा हरतो.

पहिल्या वर्षी वेगळंच झालं. सगळे नर आहेत, असं सांगून एकानं अडीच हजार बोटुकली दिली. फाल्गुनात काठाला पाहतो तर जिऱ्यासारखी पिल्लं. चिलापीची मादी अंडी तोंडात धरते. पिल्लं फुटली तरी धोका दिसला की त्यांना पुन्हा तोंडात घेते. तेवढे दिवस ती काही खात नाही, म्हणून वाढतही नाही. वैशाखात तळं माशांनी गच्च, पण तळहातापेक्षा मोठा मासा शोधून सापडेना. बाजारात ते कुणी विचारलं नाही. निम्मे वाटले, निम्मे खड्ड्यात.

मग वाचत बसलो. 1952 साली मोझांबिक जातीची तिलापिया भारतात आली, तेव्हाही हेच घडलं होतं: दोन-तीन महिन्यांची होताच वीण, आणि तळ्यात नुसती खिचडी. तिचा प्रसार नको, असं 1959 मध्ये ठरलं. पण तोवर ती नद्यांत उतरली होती. पुढं 1988 पासून फिलिपिन्समध्ये निवड पद्धतीनं ‘गिफ्ट’ नावाचा जलद वाढणारा वाण घडवला गेला, आणि केंद्र सरकारनं 2009 मध्ये अटी घालून तिलापियाच्या शेतीला वाट दिली. नोंदणी झालेल्या केंद्राचंच बीज घ्यायचं, खात्याची परवानगी घ्यायची आणि मासा बाहेर पडू द्यायचा नाही. नर करण्यासाठी पिल्लांना पहिले तीनेक आठवडे संप्रेरक मिसळलेलं खाद्य देतात.

बाहेर पडू न देण्याची अट मला आधी सरकारी वाटायची. आता माझ्या सांडव्याला दुहेरी जाळी आहे, कारण खालचा ओढा सीनेला मिळतो. उजनीच्या पाण्यात चिलापीचं काय रान माजलंय, ते भीमाकाठच्या भोईमामांकडून ऐकलंय. तेच माझं तळं ओढायला येतात.

आई माळकरी. निवृत्तीनाथांची दिंडी गावातून जाते तेव्हा ती वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढते. मासा तिच्या ताटात कधी आला नाही, पण दुपारचं खाद्य टाकायचं काम तिनं आपणहून घेतलं. डब्यावर वाटी वाजवली की पाणी उकळल्यासारखं होतं. पाण्यात कोपरापर्यंत हात घालून तळवा दिसतो का, हे मी बघतो. कोपर बुडायच्या आत तळवा दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवं झालंय, शेणकाला बंद. आई हात घालत नाही. मासे खाद्यावर कसे झेपावतात यावरून ती सांगते, “आज यांना गुदमरतंय.” ढगाळ दिवशी पहाटे ते वर तोंडं काढतात तेव्हा मोटारीचं पाणी उंचावरून तळ्यातच सोडावं लागतं.

आखाडात गिऱ्हाईक असतं. श्रावण लागला की कुणी विचारत नाही. आखाडापर्यंत माशाला पाणी पुरायला हवं, म्हणून ती रेघ.

ओढणी पहाटे. आदल्या दिवशी उपवास, आमचा नाही, माशांचा. मामा गाठी मारलेला दोर आधी बांधतात. या कागदावरून घसरलेला माणूस स्वतः वर येत नाही. मग जाळं: वर भेंडं, खाली शिशाचे मणी. चिलापी हुशार. कागदाच्या सुरकुतीत आडवी होऊन मण्यांखालून निसटते, नाहीतर भेंडांवरून उडी मारते. मामा मणी पायानं कागदाला दाबत चालतात. हातात धरताना डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवायचा, म्हणजे पाठीचा काटा मिटतो. उलटा गेला की बोट रक्ताळलंच. माझी बोटं पाहिलीत तर किती आखाड झाले ते मोजता येईल.

यंदा चारशे-साडेचारशे ग्रॅमचा मासा निघाला. शेवटच्या ओढीत एक जाड गळ्याची मादी आली. मामांनी उचलताच तिनं तोंड उघडलं, आणि ढीगभर पिल्लं जाळ्याच्या डोळ्यांतून पाण्यात ओघळली.

“हे बीज नराचं होतं ना?” मी म्हणालो.

“शंभरात दोन-चार बाया निघायच्याच, दादा.”

भाऊ बांधावरून मोटारीसाठी हाका मारत होता. मी मोटारीच्या फुटबॉलला, म्हणजे पाण्यातल्या फूट व्हॉल्व्हला, मच्छरदाणीचा आणखी एक वेढा दिला आणि त्याला हात केला.