पाणी का तापत नाही?

घरातील एखादी वस्तू बिघडली की कुटुंबातील प्रत्येक जण त्या विषयातला तज्ज्ञ होतो. त्यातून ती वस्तू पाणी तापवणारी असली आणि नरकचतुर्दशी चार दिवसांवर आलेली असली, म्हणजे तर विचारूच नका!

आमच्या अकोल्याच्या घरातील गीझरने नेमका हाच मुहूर्त साधला. चिरंजीव म्हणाले, बटणात दोष आहे. सौभाग्यवतींनी विजेच्या दाबाला नावे ठेवली. तांबडा दिवा तर ऐटीत लागलेला! पण दिवा लागला म्हणजे वीज आत पोचली, एवढेच. पाणी तापेलच असे नव्हे. अमरावतीहून दिवाळीला आलेल्या आत्याबाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला, "पाणी कुठलं भरता रे?"

मिस्त्रीने गीझर उघडला. आतल्या तापणाऱ्या नळीवर पांढरे, दगडासारखे पूट चढले होते. तो म्हणाला, "काकाजी, गीझरले काई झालं नाही. पान्यानं घात केला."

खरेच होते ते. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे गोडे पाणी येते, अमरावतीला मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचे. पण नळाची पाळी लांबली की बोअरचे पाणी टाकीत चढते. ते जड असते. तापले की त्यातला चुना सुटतो आणि नळीलाच चिकटतो. मग नळीची ऊब पाण्यापर्यंत पोचत नाही. नळी आतल्या आत तापून अखेर जळते.

आत्याबाईंच्या लहानपणी तांब्याचा बंब होता. त्यात पऱ्हाट्या नि तुराट्या जळत. पूट त्यालाही चढे. पण त्याने बंब जळत नसे, फक्त सरपण जास्त लागे. तापेना झाला की जाळीखालची राख झाडायची. वारा लागला की विस्तव पुन्हा धगधगे.

त्यांचा प्रश्न मात्र बंबाहून जुना होता. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. तिथे विहीर खोदली तरी पाणी खारे लागते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. जे पाणी आमच्या गीझरला सोसले नाही, तसलेच पाणी तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या प्यायले, आणि घागरभर गोड्या पाण्यासाठी बायांनी कोसकोस पायपीट केली. नव्या सुनेची पहिली परीक्षा स्वयंपाकघरात नव्हे, त्या वाटेवर होई.

तेव्हा गीझर तापेनासा झाला, तर बटण पाहा, वायर पाहा, उष्णता राखणारी कळ पाहा. पण मुख्य वीज बंद करून, आणि शक्य तो जाणत्या माणसाकडून. वसुबारसेच्या आधी एकदा नळीचे पूट काढून घ्या. आणि नळाला पाणी येईल त्या दिवशी गीझरच्या टाकीसाठी ते वेगळे भरून ठेवा. वऱ्हाडात गोडे पाणी ही जपून वापरायची वस्तू आहे, हे आत्याबाईंच्या पिढीला कुणी शिकवावे लागले नव्हते.