कर्ज नाही, हातउसने!

मागच्या महिन्यात एक काम आलं. वाशीम जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबांच्या मुलाखती इंग्रजीत करायच्या. पैसे बरे, डेडलाइन नेहमीसारखी कालची! मी मूळची रिसोडकडची. म्हटलं, दोन रात्रींत उडवू.

पहिला दणका पैसेवारीने दिला. ‘औंदा पैसेवारी पन्नासच्या आत.’ पन्नास पैसे असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार, सोयाबीन स्वस्त झालं! अहो, नेहमीच्या पिकाला 100 पैसे धरून यंदा किती पिकलं, त्याचा तो सरकारी अंदाज. 1957 मध्ये नवे पैसे आले, त्याआधी हिशेब आण्यांत, म्हणून जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. पन्नासच्या आत आली की गावाला टंचाईच्या सवलती, पोरांची परीक्षा फी माफ. एका शब्दाला अख्खा पॅरेग्राफ गेला. मदतीला बसवलेल्या, मुंबईत वाढलेल्या रूममेटने तर ‘पाचपन्नास रुपये’चं सरळ ‘फिफ्टी-फाइव्ह रुपीज’ केलं.

पण अडले ते एका बाईंच्या फॉर्मवर. रकाना होता: कर्ज, व्याज, मुदत. बाई म्हणाल्या होत्या, ‘कर्ज नाही. जावेकडून पाच हजार हातउसने घेतले.’ मी घाईत ‘प्रायव्हेट लोन’ लिहून मोकळी. सकाळी एडिटरचा मेल: सावकार का? व्याज किती? ड्यू डेट? म्हणजे माझ्या दोन शब्दांनी बाई थेट सावकारी कर्जाच्या यादीत!

बाबांना फोन लावला.

‘कर्ज कायचं वं? हातउसनं हाय थे. त्याले व्याज नाही, तारीख नाही.’

‘मग परत कधी करायचे?’

‘आले का द्याचे. तुही दुसऱ्या वर्षाची फी कशी भरली मंग? बाजूच्या काकाकडून घेतले. सोयाबीनचा चुकारा आला, देऊन टाकले.’

मास कॉमच्या त्या फीसाठी बाबांनी एफडी मोडली, असंच मी आजवर समजत होते. काका तर दर दिवाळीला भेटतात, ‘कसं चाललंय पेपरचं?’ एवढंच विचारतात.

मी ‘लोन’ खोडलं. रकान्यात शून्य, ‘हातउसने’ तसंच ठेवलं आणि खाली आठ ओळींची टीप जोडली. एडिटरचं उत्तर आलं: छान, पण दोन ओळींत बसवा.

कालपासून बसवतेय.