पिकअपचे मागचे ब्रेक

पिकअपच्या मागच्या चाकांना बहुधा ड्रम ब्रेक असतात. पेडल दाबले की मास्टर सिलेंडरमधून ऑइलचा दाब व्हील सिलेंडरपर्यंत पोहोचतो, त्यातले पिस्टन बाहेर सरकतात आणि लायनर लावलेले दोन्ही शू फिरत्या ड्रमला आतून टेकतात. यातला पुढचा शू चाकाच्या फिरण्याबरोबर ओढला जाऊन आणखी घट्ट बसतो. थोड्या दाबात ड्रम ब्रेक चांगला धरतो तो यामुळेच. लायनर तेलकट किंवा गुळगुळीत झाला की ही ओढच उरत नाही आणि ताकद झपाट्याने उतरते.

रिकाम्या गाडीत मागच्या ब्रेकला फारसे काम नसते. ब्रेक मारताच वजन पुढे येते, मागची चाके हलकी होतात आणि जास्त जोर लागला तर जाम होऊन हौदा आडवा येतो. भरलेल्या गाडीत मात्र बहुतेक माल मागच्या अॅक्सलवर असतो. तिथले ब्रेक धरत नसतील तर सगळा ताण पुढच्यांवर पडतो. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाट उतरताना माझ्या जुन्या पिकअपमध्ये हे नेहमी जाणवायचे. पेडल बरेच खाली जाई. टोकावड्याला थांबून चाकांजवळ हाताची मागची बाजू न्यावी, तर पुढच्या चाकांतून करपल्याचा वास आणि झळ यायची. मागचे ड्रम मात्र कोमट असायचे. वळणावळणाचा उतार उतरून आलेल्या भरल्या गाडीचे मागचे ड्रम एवढे थंड असणे म्हणजे ते काम करत नसल्याची खूण.

तपासणी ड्रमपासूनच सुरू करावी. ड्रम उतरवल्यावर आतली भुकटी हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसावी. व्हील सिलेंडरचे रबर उचलून पाहावे. आत ओल असेल तर किट किंवा सिलेंडर बदलावा. लायनरवर गिअर ऑइलचा वास येत असेल तर अॅक्सलचे ऑइल सील गेलेले असते. तेल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याची पद्धत सर्रास आहे, पण ती चुकीची आहे, कारण गरम झाला की तेल पुन्हा वर येते. ड्रमला खाचा असतील तर तो लेथवर काढावा, मात्र त्यावर कोरलेल्या कमाल व्यासाच्या आतच. लेथ मारलेल्या ड्रमला नवा लायनर आधी फक्त मधोमध टेकतो आणि झिजून बसेपर्यंत ब्रेक कमीच लागतो.

शूचे अंतर हँडब्रेकची केबल सैल सोडूनच लावावे. चाक उचलून अॅडजस्टरची चक्री ड्रम घासेपर्यंत फिरवायची, मग चाक हलके फिरेल इतकी मागे घ्यायची. केबल शेवटी. केबल आवळून शूची ढिलाई झाकली तर हँडब्रेक लागतो, पण पायाचा ब्रेक तसाच खाली जात राहतो. ऑइलकडेही दुर्लक्ष होते. नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते.

माझ्या गाडीत हे सगळे होऊनही मागचे ड्रम थंडच राहिले. कारण चाकात नव्हते, चॅसिसवर होते. एबीएस नसलेल्या अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या पाइपवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा रॉड अॅक्सलला जोडलेला असतो. माल भरला की चॅसिस खाली बसते, रॉड हलतो आणि व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो. आधीच्या मालकाने जादा माल नेण्यासाठी पाटे वाढवले होते. पाटे कडक झाल्याने भरलेली गाडीही खाली बसत नव्हती आणि व्हॉल्व्ह तिला रिकामीच समजत होता. जोर वाढवायला केलेल्या कामानेच ब्रेक काढून घेतला होता. माल वाहणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे, कारण पाटे वाढवणारा सहसा ब्रेककडे पाहत नाही.

यावर दोन झटपट उपाय सांगितले जातात. एक, व्हॉल्व्ह काढून सरळ पाइप जोडणे. पावसात रिकामी गाडी घसरवणारा हा उपाय आहे. दुसरा, मोठा व्हील सिलेंडर. १९.०५ मिलिमीटरऐवजी २२.२२ मिलिमीटर बोअर घेतला तर तेवढ्याच दाबाने जोर सुमारे ३६ टक्के वाढतो, पण ऑइल जास्त लागून पेडल खाली जाते आणि रिकाम्या गाडीत मागची चाके आधी जाम होतात. मी वाढीव पाटे काढून मूळ संच बसवला, रॉड कंपनीच्या मापाला लावला आणि माल पासिंगइतकाच भरू लागलो.

काम झाल्यावर लांबच्या मागच्या निपलपासून एअर काढावी. मग मोकळ्या रस्त्यावर, आधी रिकाम्या आणि नंतर भरलेल्या गाडीचा ब्रेक हळूहळू जोर वाढवत पाहावा. घाटात गिअर खालचाच हवा. उतारानंतर चारही चाकांची झळ पुन्हा तपासावी. मागची दोन्ही सारखी तापलेली हवीत. एकच तापले असेल तर त्या बाजूचा शू चिकटतो आहे किंवा दुसऱ्या बाजूचा सिलेंडर अडकला आहे.